धिप्पाड कुत्र्यांची नाजूक कामं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मोठ्या चणीच्या कामकरी कुत्र्यांविषयी आलेल्या पत्रांचे सरळ दोन गट पडतात. एक, रुग्णालयात मुलांना भेटायला जाणारे कुत्रे. दुसरा, पाण्यातून, बर्फातून, ढिगाऱ्यातून माणसं शोधणारे कुत्रे. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीवर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. तिच्या वॉर्डात आठवड्यातून एकदा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा येतो. तिला तो हवाच असतो. पण पांढऱ्या पेशी कमी असताना एवढा केसाळ प्राणी जवळ येऊ द्यावा का?

याचं उत्तर कुत्र्याच्या केसांत नाही, त्या दिवशीच्या रक्ताच्या अहवालात आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ५०० च्या खाली असतील तर साध्या जंतूलाही शरीर तोंड देऊ शकत नाही, त्या दिवशी भेट टाळायची. आकडा वर असला तरी शेवटचा होकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. ‘मागच्या आठवड्यात तर चाललं होतं’ हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नाही. बऱ्याच केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांनी पेशी तळाला जातात, आणि मागचा आठवडा नेमका त्याच्या आधीचा असू शकतो.

काही वेळा विचारही न करता नाही म्हणायचं : अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरचं विलगीकरण, उघडी जखम, भाजलेली त्वचा, दुसऱ्याला लागू शकणारा जुलाब किंवा पुरळ. आणि प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव) काढलेली असेल तर. हे शेवटचं कारण बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलं नसतं. निरोगी कुत्र्याच्याही लाळेत कॅप्नोसायटोफेगा नावाचे जीवाणू असतात. एरवी त्यांचा सहसा त्रास होत नाही, पण प्लीहा नसलेल्या मुलाच्या रक्तात ते शिरले तर प्रकृती झपाट्याने ढासळते. अशा मुलासाठी हातावरचं चाटणंही साधं राहत नाही.

भेट ठरली असेल तर मुलीचे हात आधी आणि नंतर, दोन्ही वेळा स्वच्छ करायचे. नंतरचं सगळ्यांना पटतं. आधी कशाला, असं विचारतात. कारण असं की रुग्णालयात कुत्रा स्वतःचे जंतू आणण्यापेक्षा इतरांच्या जंतूंची ने-आण जास्त करतो. पहिल्या बेडवरच्या मुलाच्या तळव्यावरचं त्याच्या पाठीवर येतं आणि पाचव्या बेडवर उतरतं. रुग्णालयांना भेटी देणाऱ्या कुत्र्यांवर एमआरएसए (नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा) आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल (जुलाब घडवणारा) हे दोन्ही जंतू सापडलेले आहेत. त्यातल्या दुसऱ्याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत, त्याला साबण आणि वाहतं पाणी लागतं. वॉर्डात तसे जुलाबाचे रुग्ण असतील तर कुत्र्याची फेरीच रद्द व्हायला हवी.

सेंट्रल लाइन (औषधासाठी छातीजवळच्या मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर तिचं ड्रेसिंग कपड्याखाली झाकलेलं असावं आणि कुत्रा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहावा. साठ किलोच्या कुत्र्याने नुसती मान वळवली तरी नळीला हिसका बसतो. पलंगावर त्याचं डोकं किंवा पंजे येणार असतील तर खाली धुतलेली वेगळी चादर हवी. ती त्याच मुलापुरती वापरायची आणि भेट संपली की थेट धुण्यात टाकायची.

हँडलरला, म्हणजे कुत्र्याला घेऊन येणाऱ्या माणसाला, तीन प्रश्न विचारा, संकोच करू नका. गेल्या २४ तासांत आंघोळ घातली का? गेल्या ९० दिवसांत कच्चं मांस, कच्ची हाडं किंवा चघळायला जनावरांचे वाळवलेले कान दिले का? कुत्रा कंटाळला हे तुम्हाला कशावरून कळतं? पहिल्याला ‘हो’ आणि दुसऱ्याला ‘नाही’ आलं पाहिजे. कच्च्या मांसावरच्या कुत्र्यांच्या विष्ठेत साल्मोनेला हे जुलाबाचे जंतू सापडण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. तिसऱ्याला ‘आमचा कधी कंटाळतच नाही’ असं उत्तर आलं तर त्या जोडीला लांबच ठेवा.

प्रश्न : कुत्रा भेटल्याने आजार लवकर बरा होतो, असं वाचलं. खरं आहे का?

नाही. आजार औषधाने बरा होतो. अमेरिकेतल्या पाच रुग्णालयांत कर्करोग झालेल्या १०६ मुलांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्रा भेटलेल्या आणि न भेटलेल्या, दोन्ही गटांतल्या मुलांची चिंता कमी झालेली दिसली. कुत्र्याच्या गटात वेगळेपणाने उतरला तो आईवडिलांचा ताण. या निष्कर्षाचा हा भाग कौतुकाच्या लेखांमध्ये सहसा गाळला जातो. आम्हाला मात्र तोच जास्त मोलाचा वाटतो, कारण आईचे खांदे सैल झालेले मूल बघतच असतं.

कुत्र्याचा खरा उपयोग छोट्या, मोजता येण्याजोग्या कामांत करून घेता येतो. शस्त्रक्रियेनंतर मूल उठायला तयार नसतं. त्याला कुत्र्याची दुसरी दोरी हातात देऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालायला सांगतात. गळपट्ट्याला दोन दोऱ्या असतात, खरी हँडलरच्या मुठीत आणि हलकी मुलाच्या. खांदा आखडलेल्या मुलाकडून फिजिओथेरपिस्ट दहा वेळा हात वर करून घेऊ शकत नाही, पण मऊ ब्रशने न्यूफाउंडलंडची पाठ विंचरताना तेच मूल चाळीस वेळा हात वर नेतं. म्हणून भेटीची वेळ फिजिओथेरपिस्टला आधी कळवा.

मुलांच्या मानसोपचारात कुत्र्याला जागा आहे हे नीट मांडणाऱ्या पहिल्या काही जणांत न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन होते. त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीत असला की अबोल मुलंही बोलती होतात, हे त्यांनी १९६२ च्या शोधनिबंधात लिहिलं, आणि तेव्हा बरीच थट्टाही सोसली.

प्रश्न : आमचा सेंट बर्नार्ड चौदा महिन्यांचा आहे. स्वभावाने गाय. मुलांना फार आवडतो. त्याला रुग्णालयात न्यायचं तर काय तयारी करावी?

तयारी आत्ता करा, पण न्यायची घाई करू नका. या जाती अंगाने लवकर आणि डोक्याने उशिरा मोठ्या होतात. दोन वर्षं पूर्ण झालेला आणि किमान सहा महिने तुमच्याच घरी राहिलेला कुत्रा हा चांगला निकष आहे. चौदा महिन्यांचा ‘गाय’ अठराव्या महिन्यात अनोळखी माणसावर गुरगुरायला लागल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पहिली गोष्ट शिकवायची ती हनुवटी टेकवणं. खुर्चीवर बसा, मांडीवर घडी केलेला टॉवेल ठेवा, खाऊ अशा जागी धरा की तो घ्यायला त्याची हनुवटी टॉवेलवर यावी. दोन सेकंद टिकली की शाबासकी. मग पाच, मग तीस. त्यानंतर टॉवेल पलंगाच्या काठावर न्या. त्यानंतर पांघरुणाखाली कुणाला तरी झोपवा आणि पाय हलवायला सांगा. मोठ्या कुत्र्याचा खरा फायदा इथे आहे : खांद्यापर्यंत सत्तर सेंटिमीटर उंचीचा कुत्रा चारही पाय जमिनीवर ठेवून मुलाच्या हाताशी पोहोचतो. लहान कुत्र्याला उचलून गादीवर ठेवावं लागतं.

पंजा द्यायला मात्र शिकवू नका. शिकवलेला असेल तर विसरायला लावा. प्लेटलेट कमी असलेल्या मुलाच्या मांडीवर सेंट बर्नार्डचा प्रेमाने टाकलेला पंजा म्हणजे तळहाताएवढा काळानिळा डाग, आणि नख लागलं तर जखम.

दुसरी गोष्ट ‘मागे’. ही जवळजवळ कुणीच शिकवत नाही आणि पहिल्याच भेटीत नडते. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये, मॉनिटरच्या वायरी आणि सलाइनचा स्टँड यांच्या शेजारी, लांबलचक कुत्रा आत शिरतो पण वळू शकत नाही. वळायला गेला की मागची बाजू स्टँडला लागते आणि शेपटी ट्रेवरून फिरते. घरी खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडून मध्ये कुत्र्याच्या रुंदीपेक्षा वीतभर जास्त वाट ठेवा. त्यात पुढे जाऊन सरळ मागे येण्याचा सराव करा, आधी दोन पावलं, मग पूर्ण लांबी. खुर्चीला अंग न लावता सलग पाच वेळा आला की झालं.

तिसरी ‘सोड’. वॉर्डच्या फरशीवर गोळ्या पडलेल्या असतात. माणसाच्या नेहमीच्या वेदनाशामकाची एखाद-दुसरी गोळीही कुत्र्याला मारक ठरू शकते. जमिनीवर खाऊ पसरून त्यावरून चालवा. दहापैकी नऊ वेळा जमलं म्हणजे जमलं नाही.

मग आवाज आणि माणसं. सलाइन पंपाची टीं टीं, स्टीलचा ट्रे पडणं, कुबड्या, चाकांची खुर्ची, मास्क घातलेले चेहरे. सगळं आधी दुरून आणि हळू आवाजात, कुत्रा खाऊ घेतोय तोवरच जवळ आणायचं. खाऊ नाकारला की तुम्ही फार पुढे गेलात, दोन पायऱ्या मागे या. कान ओढणं, केस मुठीत धरणं, गळ्यात पडणं याचा सराव मोठ्या माणसांकडून करून घ्या, मुलांकडून नाही.

लिफ्टमध्ये कुत्रा तुमच्या मांडीला चिकटून, तुमच्याबरोबरच आत शिरला पाहिजे. दोरीचं एक टोक आत, एक बाहेर आणि मध्ये बंद झालेलं दार, असा अपघात फाशीसारखा होतो. दोरी दीड मीटरच्या आसपासची, न ताणणारी. बटण दाबून लांब होणारी दोरी वॉर्डात आणूच नये. तिची बारीक दोरी हात कापते आणि ऐन वेळी कुत्रा चार मीटर पुढे असतो.

पशुवैद्याकडून रेबीजची लस, विष्ठेची तपासणी, पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त आणि या जातीसाठी खुब्याचा एक्स-रे करून घ्या. दुखऱ्या खुब्याचा कुत्रा गुळगुळीत फरशीवर पाय फाकून चालतो आणि कुणी कमरेला हात लावला की दचकतो. लोक त्याला ‘अचानक चावला’ म्हणतात.

प्रश्न : लाळेचं काय करायचं?

पुसायची. दोन टॉवेल लागतात, एक तुमच्या कमरेला आणि एक कोरडा राखीव. पाणी पिऊन झाल्यावर ओठांच्या घडीत बोट घालून आतून पुसा, नाहीतर तिथे साठलेलं पाणी पहिल्याच मान झटकण्यात मुलाच्या ताटलीत जातं. भेटीदरम्यान खाऊ दाखवू नका. खाऊच्या वासानेच धार लागते.

प्रश्न : माझा मुलगा कुत्र्यांना घाबरतो. वॉर्डातली सगळी मुलं खेळतात आणि हा भिंतीकडे तोंड करतो. सवय व्हावी म्हणून कुत्रा जवळ आणावा का?

मुळीच नाही. पलंगावर अडकलेल्या मुलाला पळायला जागा नसते. आजारपण हा भीती घालवण्याचा वर्ग नव्हे. त्याच्या पलंगाचा पडदा ओढून घ्या आणि कुत्रा दाराबाहेरून जाईल असं सिस्टरांना सांगून ठेवा. कधी त्याने स्वतः विचारलं तर आडवा पडलेला, पाठ त्याच्याकडे आणि तोंड दुसरीकडे केलेला कुत्रा तीन-चार मीटरवरून दाखवा. हात लावायचा झाला तर पाठीला, डोक्याला नाही. आणि तो ‘पुरे’ म्हणाला की त्याच क्षणी कुत्रा उठून गेला पाहिजे.

प्रश्न : न्यूफाउंडलंड बुडणाऱ्या माणसाला खरंच ओढून आणतो का? साठ-सत्तर किलोचा कुत्रा पाण्यात कसा काय चपळ?

आणतो, पण जन्मतः येतं त्यात आणि शिकवावं लागतं त्यात मोठा फरक आहे. जन्मतः मिळतं ते शरीर : बाहेर लांब तेलकट केस आणि आत दाट मऊ थर, त्यामुळे थंड पाणी कातडीपर्यंत लवकर पोहोचत नाही. बोटांमधला पडदा थोडाफार सगळ्याच कुत्र्यांना असतो, याचा जास्त मोठा. पूर्वी मासेमारीच्या बोटींवर ही जात जाळी आणि दोर ओढायला ठेवत. पाण्यात वजनाची अडचण होत नाही, उलट एवढ्या अंगाला धरून माणूस तरंगू शकतो.

शिकवायचं ते पुढचं. बुडणारा माणूस समोर जे येईल त्यावर चढतो. कुत्रा सरळ तोंडासमोर गेला तर माणूस त्याच्या डोक्याला मिठी मारून दोघांना खाली नेईल. म्हणून कुत्र्याला माणसाभोवती वळसा घालायला शिकवतात. तो थोडं अंतर राखून फिरतो, मग पाठ वळवून हार्नेसची (अंगाभोवती बांधलेल्या पट्ट्यांची) मूठ माणसाच्या हाताशी आणतो. माणूस शुद्धीवर असेल तर मूठ धरतो आणि कुत्रा किनाऱ्याकडे निघतो. फारच धडपडत असेल तर कुत्रा अंगाशी न जाता तरंगत्या कड्याची दोरी पोहोचवतो. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्याबाहेर ठेवणं कुत्र्याला जमत नाही. तिथे जीवरक्षक माणसाला धरतो आणि कुत्रा त्या दोघांना ओढतो. इटलीत फेरुच्चो पिलेंगा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या जलबचाव श्वानांच्या शाळेत कुत्रा आणि जीवरक्षक अशी जोडीच तयार करतात. हेलिकॉप्टरमधून उडी मारायचीही तालीम असते. तिथे न्यूफाउंडलंडबरोबर लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरही आहेत.

तालमीचा क्रम असा. पिलाला पाण्यात कधीही फेकायचं नाही. एकदा घाबरलं की महिने वाया जातात. उथळ पाण्यात तुम्ही पुढे चालत जा. नवखं पिलू पुढच्या पायांनी पाणी बडवतं आणि मागची बाजू खाली जाते. पिलाच्या तरंगत्या जॅकेटची मूठ धरून किंवा पोटाखाली हात देऊन कंबर वर उचला, पाठ आडवी झाली की पाणी उडणं आपोआप थांबतं. मग जमिनीवर शिकलेलं ‘आण’ पाण्यात न्या. ते पक्कं झालं की त्याच वस्तूला दोरी बांधा आणि दोरीला छोटी रबरी नाव. नाव ओढणं अवघड नसतं, पहिला ताण लागला की तोंडातली वस्तू न सोडणं अवघड असतं. म्हणून सुरुवातीला नाव कुणीतरी मागून हलके ढकलत राहायचं. पंधरा मीटर न सोडता आणली की पुढे जा. सगळ्यात शेवटी माणूस, आधी शांत तरंगणारा, मग हातपाय मारणारा.

दोरी पॉलिप्रॉपिलीनची घ्या. ती तरंगते, नायलॉनची बुडते आणि कुत्र्याच्या पायांत गुंतते. टोकाला गाठ मारून फास ठेवू नका. एका वेळचा सराव दहा-पंधरा मिनिटांचा, आणि जड ओढकाम वयाच्या दीड-दोन वर्षांपर्यंत नाही, कारण हाडांच्या टोकांची वाढ तोवर चालू असते.

दोन धोके लक्षात ठेवा. उघड्या तोंडाने चेंडू आणताना कुत्रा बरंच पाणी गिळतो. गोडं पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम घसरतं : लडखडणं, उलटी, फिकट हिरड्या, पोट फुगणं. ही तातडीची स्थिती आहे. गोल चेंडूपेक्षा चपटी वस्तू बरी, तोंड कमी उघडतं. समुद्रात उलटं होतं, मीठ जास्त जातं. दर दहा मिनिटांनी बाहेर काढून पिण्याचं पाणी द्या.

प्रश्न : आम्ही पोहायला उतरलो की आमचा कुत्रा मागे येतो आणि पाठीवर चढतो. वाचवायला येतो का?

त्याच्या मनात काय असेल ते असो, बुडवण्याची शक्यता जास्त. त्याचा पुढचा पंजा प्रत्येक हातमारणीला खाली खेचतो आणि नखं लागतात. पोहताना त्याला किनाऱ्यावर बांधा किंवा कुणाच्या तरी हाती द्या. तो जवळ आलाच तर त्याच्याकडे पाठ करू नका. तोंड त्याच्याकडे करा, हात लांब करून त्याचा खांदा बाजूला ढकला आणि त्याला तुमच्याभोवती फिरवा. वळशाची तालीम हीच, फक्त ती कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून सुरू करा.

प्रश्न : सेंट बर्नार्डच्या गळ्यात ब्रँडीचं पिंप असतं ते खरं का?

चित्रात खरं. इंग्रज चित्रकार एडविन लँडसीअरने १८२० मध्ये रंगवलेल्या चित्रातून ते पसरलं. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठाचे कुत्रे वाट काढत आणि बर्फात पडलेल्यांना शोधत. त्यांतला बॅरी १८०० ते १८१४ या काळातला, त्याने ४० हून अधिक जणांना वाचवल्याचं सांगितलं जातं आणि त्याचं पेंढा भरलेलं शरीर स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. गारठलेल्या माणसाला दारू देणं तर घातकच, त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली ऊब निघून जाते.

आज हिमस्खलनात सेंट बर्नार्ड क्वचितच दिसतो. बर्फाखाली पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बहुधा वाचतो, त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत आशा झपाट्याने घटते. त्यामुळे कुत्रा हेलिकॉप्टरमध्ये मावणारा आणि हँडलरला खांद्यावर घेता येणारा लागतो : जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, बॉर्डर कोली. मठाच्या कुत्र्यांची जबाबदारी २००५ पासून बॅरी फाउंडेशनकडे आहे, आणि त्यांचे कुत्रे आता रुग्णांना, वृद्धांना आणि मुलांना भेटायला जातात.

प्रश्न : भूकंपात ढिगाऱ्यावर जाणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर काहीच नसतं. पायांत बूट का घालत नाहीत? आणि ते जिवंत माणूसच कसा ओळखतात?

गळपट्टा किंवा हार्नेस लोखंडी सळईत अडकला तर कुत्रा तिथेच लटकतो, म्हणून उघडा सोडतात. बूट घातले तर बोटं पसरून पकड घेता येत नाही आणि डुगडुगणारी फरशी पायाला कळत नाही. तळव्याला चिरा पडतात हे मान्य करूनच ते काम चालतं. दर फेरीनंतर पाय धुऊन तपासतात.

माणसाच्या नाकात वासाच्या सुमारे ५०-६० लाख पेशी असतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून जास्त. पण नाक असणं म्हणजे शोधता येणं नव्हे. वास गाडलेल्या माणसाच्या थेट वर येतोच असं नाही. काँक्रीटच्या फटींतून वाट काढत तो कधी कधी बऱ्याच मीटरवर बाहेर पडतो. म्हणून कुत्रा भुंकला की लगेच तिथेच खोदत नाहीत. त्याला बाजूला घेऊन, काहीही न सांगता दुसरा कुत्रा सोडतात. दोघांनी एकाच जागी भुंकून सांगितलं की मग यंत्रं, कॅमेरा. तुर्कस्तानातल्या २०२३ च्या भूकंपात भारताच्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रोमिओ आणि ज्युली या लॅब्रॅडॉरांनी अशाच पाठोपाठ दिलेल्या इशाऱ्यावरून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली.

जिवंत माणसाचा वास आणि मृताचा वास वेगळा असतो, आणि कुत्र्याला ज्याच्यावर बक्षीस मिळालं तोच तो सांगतो. सरावात लपलेला माणूस खेळणं घेऊन बसतो. कुत्रा भुंकत राहिला की खेळणं त्याच्याच हातून मिळतं. हँडलरच्या खिशातून मिळालं तर कुत्रा भुंकताना मागे वळून हँडलरकडे बघायला शिकतो, आणि पुढे खोटे इशारे देतो. वीस-तीस मिनिटं काम, मग तेवढीच विश्रांती. तासन्‌तास हाती काही लागलं नाही तर पथकातलाच एक जण मुद्दाम लपतो, कुत्र्याला एकदा तरी सापडू देतात.

पन्नास किलोच्या वरचा कुत्रा इथे नको. त्याच्या वजनाने ढिगारा खाली बसतो आणि खड्ड्यात पडला तर त्याला वर काढायला आणखी चार माणसं लागतात.

प्रश्न : काल तासभर पोहला आणि आज शेपटी मेलेल्या दोरीसारखी लोंबते आहे. हाड मोडलं का?

बहुधा नाही. थंड पाणी आणि अति पोहणं यांनी शेपटीच्या मुळाचे स्नायू धरतात. दोन-चार इंच शेपटी ताठ, पुढची लोंबती, बसताना कण्हणं, ही त्याची खूण. विश्रांतीने काही दिवसांत उतरतं. सूज, जखम किंवा लघवी-शौचाला अडचण दिसली तर पशुवैद्याला दाखवा. माणसाच्या गोळ्या देऊ नका. अंग मात्र कातडीपर्यंत कोरडं केलं का? ओल्या आतल्या केसांखाली एका रात्रीत लाल ओलसर चट्टे उठतात, आणि लोंबत्या कानांत संसर्ग होतो.

प्रश्न : ग्रेट डेन आणि न्यूफाउंडलंड पोट फुगून मरतात म्हणतात. आधी कसं ओळखायचं?

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूने फुगतं आणि पीळ घेतं. ओळखायची खूण एकच लक्षात ठेवली तरी पुरे : उलटीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, फार तर फेस. त्यासोबत अस्वस्थ येरझाऱ्या, पोटाकडे वळून बघणं, बरगड्यांमागे ढोलासारखा फुगवटा. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणायची ही गोष्ट नाही. प्रश्न मिनिटांचा असतो, शस्त्रक्रियेशिवाय पीळ सुटत नाही. निघताना फोन करून दवाखान्याला कळवा, म्हणजे ते तयारीत राहतील.

दिवसाचं खाणं दोन-तीन वेळांत वाटा, हावरट कुत्र्याला अडथळे असलेल्या भांड्यात द्या, खाण्याच्या आधी-नंतर तासभर पळवू नका. उंच स्टँडवर भांडं ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो, पण मोठ्या जातींच्या एका अमेरिकी अभ्यासात उंच भांड्यांनी धोका वाढलेला दिसला. भांडं जमिनीवरच असू द्या. रक्ताच्या नात्यातल्या कुत्र्याला हे झालं असेल तर नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून घेण्याविषयी पशुवैद्याशी बोला.

प्रश्न : भेटीत कुत्रा दमला हे कसं ओळखायचं? आमची नऊ वर्षांची आहे, अजून उत्साहाने गाडीत बसते.

गाडीत बसण्याचा उत्साह म्हणजे वॉर्डाचा उत्साह नव्हे. वॉर्डात बघा : काही खाल्लेलं नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मुलाकडून मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, एक पुढचा पंजा किंचित उचललेला, गरम नसताना धापा. एकेक खूण सुटी दिसली तर दुर्लक्ष करता येईल. दोन एकत्र दिसल्या की ‘चला, आता हिला पाणी प्यायचंय’ म्हणून बाहेर पडायचं. मुलांना हे कारण पटतं, कुणी हिरमुसत नाही. एका भेटीला तास ही वरची हद्द आहे, मोठ्या केसाळ कुत्र्याला गरम वॉर्डात चाळीस मिनिटंही पुष्कळ.

नऊ वर्षं म्हणजे या जातींसाठी म्हातारपण. न्यूफाउंडलंड साधारण आठ ते दहा वर्षं जगतो. ऐकू कमी येतं, खुबे दुखतात, मागून आलेल्या हाताने दचकायला होतं. घरी परत आल्यावर वेस्ट (भेटीसाठी घातलेलं जाकीट) काढा आणि घड्याळ बघा. अंग झटकून तासभर झोपली आणि उठून जेवली तर ठीक. जेवणाकडे न बघता सकाळपर्यंत झोपली तर पुढची भेट अर्धी करा, आणि तरीही तसंच झालं तर वेस्ट खुंटीलाच राहू द्या.